खर्च कमी करायचा, म्हणजे नेमका किती? : कापसावरील फवारणीसाठी मोजता येणारी उद्दिष्टे

हंगाम संपल्यावर "यंदा फवारणीवर किती खर्च झाला?" असे विचारले, तर शेतकऱ्यांकडून येणारे उत्तर बहुधा एकच असते : "खूप." आणि "पुढच्या वर्षी काय करणार?" या प्रश्नाचे उत्तरही ठरलेले असते : "कमी करणार." प्रशिक्षण वर्गात मी हे दोन्ही प्रश्न दरवर्षी विचारते. "खूप" आणि "कमी" हे दोन्ही शब्द प्रामाणिक आहेत, परंतु त्यांपैकी एकही आकडा नाही. जे मोजलेले नाही ते कमी झाले की वाढले, हे सांगण्याचे साधनच आपल्यापाशी उरत नाही.

तेलंगणातील आदिलाबाद भागात झालेल्या एका वर्गाला एक मराठी भाषक शेतकरी आपल्या सर्व पावत्या पिशवीत घालून घेऊन आले होते. आम्ही त्या तारखेनुसार लावल्या. सात खरेद्या होत्या आणि त्यांतील सहा एकाच वारी झालेल्या होत्या. तो आठवडी बाजाराचा दिवस होता. त्यांची फवारणी किडीच्या वेळापत्रकानुसार झाली नव्हती, बाजाराच्या वेळापत्रकानुसार झाली होती. हे त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात आलेले नव्हते. पावत्या कोणी फेकून देतात, कोणी जपून ठेवतात. पण वाचतात फार थोडे.

प्रस्तुत लेखात कापूस पिकातील पीकसंरक्षणाचा खर्च मोजता येणाऱ्या उद्दिष्टांत कसा बांधावा, याचा विचार केला आहे. हीच पद्धत तूर, सोयाबीन वा भाजीपाल्यासही लागू पडते. मात्र त्या त्या पिकाचे आकडे निराळे असतील.

इच्छा आणि उद्दिष्ट यांतील भेद

"औषधांवरचा खर्च कमी करीन" ही इच्छा झाली. तिचे उद्दिष्टात रूपांतर होण्यासाठी पाच गोष्टी लागतात : आज आपण कोठे आहोत तो आरंभीचा आकडा, मोजण्याचे एकक, गाठावयाचा आकडा, त्याची मुदत, आणि कोणती गोष्ट बिघडू द्यावयाची नाही, ती मर्यादा. या पाचव्या गोष्टीस मी कुंपण म्हणते. पहिल्या चार गोष्टी व्यवस्थापनाच्या कोणत्याही पुस्तकात सापडतात. शेतीत मात्र पाचवीवाचून पहिल्या चार धोकादायक ठरतात. कारखान्यात विजेचे बिल कमी केल्याने उत्पादन सहसा घटत नाही. शेतात आवश्यक असलेली एक फवारणी चुकली, तर साऱ्या हंगामाची बचत एका आठवड्यात नाहीशी होऊ शकते.

पहिली पायरी : गतवर्षीचा खरा आकडा

फवारणीचा खर्च म्हणजे केवळ औषधाची किंमत नव्हे. पुढील बाबी स्वतंत्र लिहाव्यात :

१. कीटकनाशके व बुरशीनाशके
२. टॉनिक, वाढवर्धक, चिकटद्रव्य इत्यादी
३. फवारणीची मजुरी (घरच्या माणसांची धरून)
४. पंपाचे भाडे, इंधन, पाण्याची वाहतूक
५. उधारीमुळे रोखीपेक्षा जास्त द्यावी लागलेली रक्कम

दुसऱ्या व पाचव्या बाबींवर बहुतेकांचे लक्ष नसते. टॉनिकची बाटली कीटकनाशकाच्या पावतीतच लिहिलेली असते, म्हणून तीही "औषध" या नावाखाली खपून जाते. उधारीचे व्याज तर पावतीवर कधीच दिसत नाही. ते किमतीत मिसळलेले असते. त्यासाठी त्याच औषधाचा रोखीचा भाव विचारून फरक लिहून ठेवावा.

एकूण रक्कम एकरात भागून एकरी खर्च काढावा. त्यानंतर प्रत्येक फवारणीपुढे एकच प्रश्न लिहावा : "त्या दिवशी शेतात कोणती कीड होती आणि किती?" उत्तर आठवत नसेल तर "नोंद नाही" असे लिहावे. पहिल्या वर्षी या रकान्यात "नोंद नाही" हेच शब्द पुन्हा पुन्हा येतील. त्यात लाज बाळगण्याचे कारण नाही. कोठून आरंभ करावयाचा, हे तेच शब्द सांगतात.

फवारणी केव्हा परवडते?

१९५९ साली कॅलिफोर्नियातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी आर्थिक नुकसानीच्या पातळीची कल्पना मांडली. तिचा आशय साधा आहे. कीड दिसली म्हणजे फवारावे असे नाही. किडीमुळे होणारे नुकसान नियंत्रणाच्या खर्चाएवढे होण्याच्या बेतात आले, म्हणजे फवारावे. हा नियम कीटकशास्त्राचा म्हणून आपण शिकवतो, परंतु मुळात तो व्यापाराचाच हिशेब आहे.

उदाहरण घेऊ. पुढील आकडे केवळ गणितासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपापले घालावेत. एका फवारणीचा एकूण खर्च एकरी १,२०० रुपये आणि कापसाचा भाव क्विंटलला ७,००० रुपये धरला, तर ती फवारणी म्हणजे सुमारे १७ किलो कापूस. परंतु कोणतीही फवारणी सर्व नुकसान वाचवीत नाही. ती होणाऱ्या नुकसानीच्या ६० टक्के भाग वाचवते असे मानले, तर किमान २९ किलो कापूस धोक्यात असेल तेव्हाच ती परवडेल. एकरी ६ क्विंटल उत्पादनाची अपेक्षा असेल, तर हे प्रमाण जवळजवळ ५ टक्के होते. याहून कमी नुकसानीसाठी केलेली फवारणी किडीला मारेल, पण पैसे परत देणार नाही.

हे गणित प्रत्येक वेळी शेतात मांडणे शक्य नसते. म्हणून संशोधन संस्थांनी मोजण्यास सोप्या अशा पातळ्या ठरवून दिल्या आहेत. कापसासाठी सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या पातळ्या अशा :

• मावा : सरासरी १० प्रति पान
• तुडतुडे : २ ते ३ प्रति पान
• फुलकिडे : १० प्रति पान
• पांढरी माशी : ८ ते १० प्रौढ किंवा २० पिल्ले प्रति पान
• गुलाबी बोंडअळी : कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग, किंवा १० टक्के फुले अथवा हिरवी बोंडे प्रादुर्भावग्रस्त

राज्याराज्यांत यात थोडा फरक आढळतो. पंजाबात पांढऱ्या माशीसाठी पानामागे ६ प्रौढ ही पातळी मानली जाते, कारण तेथे हीच माशी पर्णगुच्छ रोगाचा विषाणू पसरवते. म्हणून आपल्या राज्यातील कृषी विद्यापीठाची शिफारस प्रमाण मानावी.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. १० टक्के बोंडांत अळी सापडली याचा अर्थ १० टक्के उत्पादन गेले, असा नव्हे. किडलेल्या बोंडातील सर्वच कप्पे खराब होत नाहीत. ही पातळी "आता हालचाल करा" अशी सूचना देणारी घंटा आहे. नुकसान परवडेनासे होण्याच्या थोडे अगोदर ती वाजावी, अशाच बेताने ती ठरवलेली असते.

मोजणी : आठवड्यातून एक सकाळ

एकरी २० झाडे शेताच्या निरनिराळ्या भागांतून, कोणतीही निवड न करता घ्यावीत. बांधाकडेची झाडे टाळावीत. प्रत्येक झाडाचे वरचे, मधले व खालचे असे एकेक पान उलटून रसशोषक किडी मोजाव्यात आणि सरासरी काढावी. पांढऱ्या माशीची मोजणी सकाळी लवकर करावी. ऊन चढल्यावर ती उडून जाते आणि आकडा खोटाच कमी येतो.

गुलाबी बोंडअळीसाठी लागवडीनंतर सुमारे ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे लावावेत व त्यांतील गोळी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावी. फुले लागताच डोमकळ्या मोजाव्यात. बोंडे धरल्यावर एकरी २० हिरवी, मध्यम वयाची बोंडे तोडून उघडून पाहावीत. वरून निरोगी दिसणाऱ्या बोंडातही अळी असू शकते, म्हणून बोंड उघडल्याशिवाय मोजणी पूर्ण होत नाही. वीसपैकी दोन बोंडांत अळी वा तिचे नुकसान आढळले, की पातळी गाठली गेली.

याच वेळी ढालकिडे, क्रायसोपा आणि कोळी यांचीही संख्या लिहावी. बहुतेक बीटी बियाण्यास रसशोषक किडींसाठी कीटकनाशकाची प्रक्रिया केलेलीच असते. असे असता पहिल्या काही आठवड्यांत मोजणीवाचून केलेली फवारणी बहुधा दुहेरी खर्चाची ठरते आणि मित्रकीटकांना मारून पुढच्या फवारणीची गरज निर्माण करते. पहिले दोन महिने व्यापक परिणाम करणारी कीटकनाशके टाळणे, ही बचतीची सर्वांत स्वस्त वाट आहे.

उद्दिष्टे कशी लिहावीत?

पाच एकर कापूस असलेल्या एका काल्पनिक शेतकऱ्याचे उदाहरण पाहू. गतवर्षी त्याने ७ फवारण्या केल्या. प्रत्येकी १,२०० रुपयांप्रमाणे एकरी ८,४०० रुपये खर्च झाला. उत्पादन एकरी ६ क्विंटल आले. यंदाची त्याची उद्दिष्टे अशी असू शकतात :

१. हंगामातील प्रत्येक फवारणीपूर्वी दोन दिवसांच्या आत मोजणीची लेखी नोंद असेल. (गतवर्षी : शून्य, यंदा : सर्व)
२. फवारण्यांची संख्या ७ वरून ५ वर येईल.
३. एका पंपात एकाच वेळी दोन कीटकनाशके मिसळली जाणार नाहीत.
४. डब्यावर लाल त्रिकोण असलेले एकही औषध घेतले जाणार नाही.
५. नियंत्रण व निरीक्षण मिळून खर्च एकरी ८,४०० वरून ७,१०० रुपयांवर येईल.
६. कुंपण : हिरव्या बोंडांतील प्रादुर्भाव १० टक्क्यांवर पोचल्यास संख्येचे उद्दिष्ट बाजूला ठेवून शिफारशीप्रमाणे फवारणी केली जाईल.

पाचव्या उद्दिष्टातील ७,१०० हा आकडा असा आला : ५ फवारण्यांचे ६,००० रुपये, सापळ्यांचे एकरी ३०० रुपये आणि निरीक्षणाचे ८०० रुपये. वीस आठवडे दर आठवड्यास अर्धा दिवस, म्हणजे दहा दिवसांची मजुरी. ती दिवसाला ४०० रुपये धरल्यास पाच एकरांना ४,००० रुपये होते. निरीक्षण घरचाच माणूस करीत असला तरी ही रक्कम लिहावी. फुकट मानलेले श्रम हिशेबातून निसटतात आणि कामाची घाई वाढली की सर्वांत आधी तीच कामे सोडली जातात.

पहिले उद्दिष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे, दुसरे नाही. पाऊस, हवामान आणि शेजारचे शेत यांवर फवारण्यांची संख्या अवलंबून असते. म्हणून एखाद्या वर्षी दुसरे उद्दिष्ट चुकले तरी चालेल, पण पहिले चुकता कामा नये.

फसवा आकडा ओळखा

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. पुष्कळ जण "दर क्विंटल खर्च" हे एकक वापरतात. ते सोयीचे आहे, परंतु एकटे वापरल्यास फसवते.

वरील उदाहरणात गतवर्षी ८,४०० रुपये खर्चून ६ क्विंटल कापूस आला. दर क्विंटल खर्च १,४०० रुपये झाला. समजा, यंदा त्याने ७,१०० रुपयेच खर्च केले, परंतु एक आवश्यक फवारणी टाळल्यामुळे उत्पादन ५.५ क्विंटलवर आले. दर क्विंटल खर्च आता सुमारे १,२९० रुपये. वहीत उद्दिष्ट साध्य झाले! परंतु हातात काय आले? गतवर्षी ४२,००० उणे ८,४०० म्हणजे ३३,६०० रुपये. यंदा ३८,५०० उणे ७,१०० म्हणजे ३१,४०० रुपये. वेचणीची मजुरी येथे धरलेली नाही. खर्च घटला, दर क्विंटल खर्चही घटला आणि तरीही त्या शेतकऱ्याचे एकरी २,२०० रुपये गेले.

एकरी बचत १,३०० रुपयांची. ७,००० रुपये भावाने ती सुमारे १९ किलो कापसाएवढी. किडीने गतवर्षीपेक्षा १९ किलो अधिक नेले, की बचत संपली. म्हणून लक्ष्य "खर्च" हे नसून "खर्च अधिक नुकसान" ही बेरीज असली पाहिजे. नुकसान मोजण्यासाठी प्रत्येक वेचणीतील किडका, कवडीयुक्त कापूस वेगळा वजन करावा. ही एक सवय लावून घेतल्याशिवाय बचतीचा कोणताही दावा मी मान्य करीत नाही. शेतकऱ्याचाही नाही आणि आमच्या प्रात्यक्षिकांचाही नाही.

ज्या खर्चाला हात लावू नये

काही खर्च कमी दिसतात, पण तेथेच काटकसर करणे महागात पडते. सापळे आणि निरीक्षणाची मजुरी हा त्यातला पहिला. दुसरा नोझलचा : झिजलेले नोझल जास्त द्रावण सोडते आणि औषध वाया घालवते, कीटकनाशकासाठी पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा देणारे नोझल वापरावे, तणनाशकाचे नव्हे. तिसरा संरक्षक साहित्याचा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि काहींना प्राण गमवावे लागले. हातमोजे, मुखपट्टी आणि चष्मा यांवरील खर्च बचतीच्या यादीत कधीही येता कामा नये. फवारण्यांची संख्या घटवण्याचे जे लाभ आहेत, त्यांत मजुराच्या अंगावर कमी वेळा विष पडते, हा लाभ रुपयांत मांडता येत नाही म्हणून तो लहान ठरत नाही.

एका शेताच्या पलीकडे

गुलाबी बोंडअळीचा पतंग बांध ओळखत नाही. गुजरातेत या अळीने बीटी कापसातील पहिल्या प्रथिनास दाद देणे थांबवल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे दोन प्रथिने असलेल्या वाणांवरही ती जगू लागली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना तिचा मोठा फटका बसला. त्यानंतर तिने हरियाणा, पंजाब आणि राजस्थान या उत्तरेकडील पट्ट्यातही मुक्काम केला. तेथे इंधनासाठी बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाटीतील किडक्या बोंडांत अळ्या सुप्तावस्थेत राहतात आणि पुढच्या पिकावर येतात. एकट्या शेतकऱ्याची वही कितीही चोख असली, तरी शेजारी फरदड उभी असेल, तर त्याच्या सापळ्यात पतंग येतच राहणार.

म्हणूनच विस्तार कार्यकर्त्यांनी गावपातळीवरही उद्दिष्टे आखावीत आणि तीही आकड्यांत : डिसेंबरअखेर किती टक्के क्षेत्रातील कापूस काढला गेला, किती शेतांतील पऱ्हाटीचा नायनाट झाला, किती जिनिंग गिरण्यांच्या आवारात सापळे लागले, किती शेतकऱ्यांच्या वहीत सलग आठ आठवड्यांच्या नोंदी आहेत. "जनजागृती केली" हा अहवाल नव्हे. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस नांदेड जिल्ह्यातील आष्टा येथे राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राने कापसासाठी केलेले काम एखाद्या प्लॉटपुरते न ठेवता गाव हेच एकक मानून केले होते. त्यातला हा विचार आजही तितकाच उपयुक्त आहे. महाराष्ट्रात २००९-१० पासून चाललेला क्रॉपसॅप हा कीडरोग सर्वेक्षण प्रकल्पही याच पायावर उभा आहे : आधी मोजणी, मग सल्ला.

निर्णय मोजून घेतला तर केवढ्या प्रमाणावर खर्च घटू शकतो, याचे मोठे उदाहरण इंडोनेशियाचे. तपकिरी तुडतुड्याने भात उद्ध्वस्त होत असताना तेथील शासनाने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, पुढील काही वर्षांत कीटकनाशकांचे अनुदान बंद केले आणि शेतकऱ्यांना शेतातच निरीक्षणाचे शिक्षण देण्यास आरंभ केला. अनावश्यक फवारण्यांमुळे मित्रकीटक मरत होते आणि तुडतुडा वाढत होता, हे तेथील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते. फवारणी घटली, तरी भाताचे उत्पादन ढासळले नाही.

आढाव्याच्या तीन तारखा

उद्दिष्टे वहीच्या पहिल्या पानावर लिहावीत आणि लागवडीनंतर ६०, ९० व १२० व्या दिवशी त्यांच्यापुढे प्रत्यक्ष आकडा लिहावा. साठाव्या दिवशीच तीन फवारण्या झाल्या असतील, तर पाचचे उद्दिष्ट धोक्यात आहे हे त्याच दिवशी कळते. हंगामाच्या शेवटी कळून उपयोग नसतो. पहिल्या वर्षी सर्व शेतावर प्रयोग करण्याचे धाडस होत नसेल, तर एक एकर नव्या पद्धतीने आणि उरलेले नेहमीच्या पद्धतीने करावे. दोन्हींचा खर्च, वजन आणि किडका कापूस वेगळा लिहावा. स्वतःच्या शेतातील एका एकराचा आकडा आमच्या दहा व्याख्यानांपेक्षा अधिक पटतो, असा माझा अनुभव आहे.

आदिलाबादचे ते शेतकरी पुढील वर्षीच्या वर्गाला पुन्हा आले. या वेळी पिशवी नव्हती, वही होती. खर्च किती घटला, असे मी विचारले. त्यांनी पान उघडून दोन आकडे दाखवले आणि म्हणाले, "मॅडम, एक फवारणी मोजून केली, ती वाया गेली नाही. दोन मोजल्यामुळे केल्याच नाहीत. उरलेल्यांचं अजून नक्की सांगता येत नाही." "खूप" आणि "कमी" यांच्या जागी आता तीन ओळी होत्या, आणि तिसऱ्या ओळीत काय लिहावयाचे, ते शोधण्यासाठी पुढचा हंगाम होता.